चौथ्या दिवशीचं दळण

मालिकेच्या सेटवर मंदाकिनीबाई आईचं काम करणाऱ्या नटीला जातं ओढायला शिकवत होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या घरसंसारावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकावरच मालिका बेतली होती.

"एका हातानं ओढ, दुसऱ्यानं मूठमूठ दाणे सोड. घाई नको गं, बाळा."

दृश्य सुरू झालं. देवीच्या साथीत लेक गेलेली. तीन दिवसांचं सुतक फिटलं आणि आई दळायला बसली. नटीला हुंदका आवरेना.

"कट! आज ग्लिसरीनशिवायच?" दिग्दर्शक हसला. "पण इथे रडायचं नाहीये, बाई गं. पुस्तकातच आहे, त्या काळी आयांना मुलं जायची सवय असायची. हो ना, मॅडम?"

मंदाकिनीबाईंनी पुढे होऊन जात्याचा खुंटा धरला.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "ते वाक्य मी लिहिलं, तेव्हा माझी मुलगी जिवंत होती."