लशीची फाइल

सासऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची फाइल उघडली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि उभ्याउभ्याच लिहिलं : "आमच्या वेळी हे नव्हते. तरी आम्ही आहोत."

सही केली, तारीख घातली : चार. दोरीला बांधलेलं पेन सोडून दिलं. ते बराच वेळ भिंतीवर आपटत राहिलं.

या घरात तोंडी काही ठरत नसे. सासूबाई चौतीस वर्षं सरकारी कचेरीत होत्या आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या. पण निवृत्त फक्त कचेरी झाली. पडद्यांचा रंग असो की जावयाचा मुक्काम, प्रत्येक विषयाची फाइल निघे, खिळ्यावर लटके, सगळ्यांचे शेरे होत आणि शेवटी सासूबाईंची सही. खिळा डोक्याच्या उंचीवर होता. बसून लिहिलं की माणूस पाल्हाळ लावतो, असं त्यांचं मत होतं. आणखी एक मत होतं : मागची तारीख घालणाऱ्याचा हात कापावा. एका साहेबाने त्यांना तशी तारीख घालायला सांगितलं होतं. त्या साहेबाची बदली झाली, सासूबाईंची नाही.

ही फाइल दोन तारखेला सुनेने उघडली होती. सून दुकानांच्या पाट्या रंगवायची. डावखुरी होती, पण अक्षर असं की फूटपट्टीने शिकून घ्यावं. तिने लिहिलं होतं : "विषय : गरोदरपणी घ्यायची डांग्या खोकल्याची लस. डॉक्टर म्हणतात घ्या. आईने घेतली की पोटातल्या बाळाला संरक्षण मिळते. जन्मल्यावर बाळाला स्वतःची लस मिळेपर्यंत काही आठवडे जातात आणि हा खोकला त्याच वयात जिवावर उठतो. बत्तीस आठवडे पूर्ण झाले आहेत. छत्तिसावा संपायच्या आत घ्यायला सांगितले आहे. मला घेण्याची भीती वाटते. न घेण्याचीही वाटते. योग्य निर्णय व्हावा."

नवऱ्याने तीन तारखेला "अधिक माहिती घ्यावी" असा शेरा मारला आणि एक्केचाळीस पानं छापून जोडली. त्यातली काही घ्या म्हणत होती, काही नका म्हणत होती आणि दोन पानं कुत्र्यांच्या लशीची होती. नणंदेचं मत फोनवरून उतरवून घेतलं गेलं. तिच्या मैत्रिणीच्या जावेला म्हणे लस घेतल्यावर दोन दिवस ताप होता. सासूबाईंनी समासात लाल शाईने लिहिलं : "ऐकीव. जावेस समक्ष हजर करावे." जाऊ हजर झाली नाही.

मग चार तारखेचा सासऱ्यांचा शेरा. त्यावर लाल शाई दुसऱ्या दिवशी सकाळी उमटली : "साक्ष फक्त राहिलेल्यांची घेतली आहे. आपल्या थोरल्या भावाबद्दल खुलासा करावा."

थोरला भाऊ सासऱ्यांनी पाहिलाच नव्हता. तो अडीच महिन्यांचा असताना खोकून खोकून गेला, एवढंच त्यांची आई सांगायची आणि मग उठून काहीतरी कामाला लागायची. सासऱ्यांनी लाल शेरा वाचला. पेन उचललं, ठेवलं. त्या दिवशी त्यांनी चहाही मागितला नाही. त्यांच्या तब्येतीत काही बिघाड आहे का, म्हणून मुलाने थर्मामीटर काढला.

फाइल खुलाशासाठी तटली. सासूबाई सगळ्यांच्या आधी सही करत नसत.

अकरा तारखेला सून एकटीच तपासणीला जाऊन आली. सगळं ठीक आहे म्हणाली. दर आठवड्याला फाइल पाहून सही करायची असा नियम होता, म्हणून बारा तारखेला तिने "पाहिले" असं लिहून सही केली. ती सही पाहून घर हळहळलं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली होती, शेवटचं तर ओळ सोडून पळत सुटलं होतं. नवरा म्हणाला, बिचारीचा हात भीतीने कापतोय. सासूबाईंनी फाइल खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि परत खिळ्याला लावली.

एकोणतीस तारखेला छत्तिसावा आठवडा संपत होता. नवरा कामावरून धापा टाकत आला, चपलांसकट स्वयंपाकघरात घुसला आणि म्हणाला की आज शेवटचा दिवस आहे, दवाखाना सातला बंद होतो, आता तरी कोणीतरी काहीतरी ठरवा. सून ओट्यापाशी शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

सासरे उठले. खिळ्यापाशी गेले. चोवीस दिवसांत त्यांनी चार शब्द जमवले होते : "दादा असता. हरकत नाही."

सासूबाईंनी ते वाचलं. सासऱ्यांकडे न बघताच त्यांच्या खांद्यावर हात टेकला, जणू तोल जात होता. मग लाल पेन काढलं, "मंजूर" लिहिलं, सही केली आणि खाली तारीख घातली : अकरा.

"आई, आज एकोणतीस आहे," मुलगा म्हणाला. "आणि तू मागची तारीख घालतेस?"

सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि सुनेकडे वळल्या.

"अकराला इंजेक्शन डाव्या दंडात घेतलंस आणि बाराला सही उजव्या हाताने केलीस. पुढच्या खेपेला उलट कर. फाइल खराब दिसते."