गेम कोणी बनवला?

जुन्या कॉम्प्युटर गेम्सवरच्या डॉक्युमेंटरीत धाकटी बहीण झळकणार, म्हणून दादा अख्ख्या घराला घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. शाळेत असताना दोघांनी मिळून एक गेम बनवला होता. खरं तर निम्म्याहून जास्त दादानेच. पण कॅमेऱ्यासमोर तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "मी एकटीने बनवला."

ते वाक्य ऐकू आलं आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तेवढ्यात पडद्यावर दादाच आला! त्याचीही मुलाखत झाल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

"तुमची बहीण म्हणते, गेम तिने एकटीने बनवला. खरंय?"

पडद्यावरचा दादा हसला.

"खरंय की! मी आपला शेजारी बसून की-बोर्डवरची धूळ पुसायचो."