इसालेची डहाळी

बाबांच्या कॉफी संघाने व्यापाऱ्यांना दाणाही विकायचा नाही असं ठरवलं, त्या वर्षी संघातल्याच एलिनामीकाकांनी आपली कॉफी त्यांना गुपचूप विकली. पुढे ते माफी मागायला यायचे. किलिमांजारोच्या आमच्या उतारावर इसाले या झुडपाची डहाळी घेऊन आलेल्याला माफी नाकारता येत नाही. म्हणून ते दिसले की बाबा मागच्या दाराने मळ्यात पसार होत. काका डहाळी उंबऱ्यावर ठेवून परतत.

परवा बाबांना त्याच मळ्यात पुरलं. आज धुक्यातून काका आले, हातात डहाळी.

“आता कुठं पळशील रे, म्हाताऱ्या?” ते मातीला म्हणाले.

मी त्यांना हात धरून कॉफीच्या झाडांमागे नेलं. तिथं धुक्यात इसालेची हिरवी रांग डोलत होती, माणसाहून उंच.

“एवढं कुणी लावलं गं, पोरी?”

“तुम्हीच आणलंत, काका. बाबांनी नुसतं पाणी घातलं.”