सुट्टीतले आकडे

बेकरीवाल्यानं घडी घातलेला कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि तळव्यानं सपाट केला. कागदावर तीन आठवड्यांचे आकडे होते. रोज सकाळ-संध्याकाळ एका नळीत जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा लिहायचा, असं त्याला सांगितलं होतं; श्वास जितका मोकळा, तितका आकडा मोठा. पहिले दोन आठवडे काम करताना, तिसरा बेकरी बंद ठेवून.

डॉक्टरीणबाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "कामावर असताना दोनशे ऐंशी. सुट्टीतही दोनशे ऐंशी, नव्वद. म्हणजे दम्याचं कारण पीठ दिसत नाही. घरात ओल आहे का कुठं? बुरशी?"

"आहे ना," तो लगेच म्हणाला. "न्हाणीघराच्या भिंतीला."

शेजारी बसलेली बायको इतका वेळ पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "त्यांना आत्ता फुंकायला सांगा," ती म्हणाली.

"सकाळी फुंकलंय की घरी."

"सांगा तुम्ही, डॉक्टर."

नळी पुढे आली. त्यानं फुंकलं, पण बेतानं.

"पोटातून," बायको म्हणाली.

दुसऱ्यांदा काटा चारशे दहावर जाऊन थांबला. डॉक्टरीणबाईंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग चष्मा काढून त्याच्याकडे.

"बेकरी बंद केल्यापासून हा माणूस न थांबता जिना चढतोय," बायको म्हणाली. "मला काय दिसत नाही?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. "तीस वर्षं झाली," तो म्हणाला. "पीठ मळून झालं की नाही, ते माझ्या हाताला कळतं. हिनं आजवर पाव विकलेत. पीठ कुठं मळलंय?"

"मग शिकवा," बायको म्हणाली. "दाराबाहेर उभं राहून."

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घालून बाजूला ठेवली आणि खुर्ची बायकोकडे वळवली. "पीठ उंचावरून ओतायचं नाही. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि तुम्हीही मास्क लावायचा. एकाच घरातून दोन पेशंट नकोत मला."

सोमवारी पहाटे तो बेकरीच्या बंद खिडकीबाहेर रस्त्यावर उभा होता. ही वेळ त्यानं कायम भट्टीपाशी काढलेली. समोरच्या घरात एवढ्या लवकर दिवा लागतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आत, तोंडाला मास्क लावलेल्या बायकोनं मळलेल्या पिठाचा तुकडा दोन्ही हातांनी न फाटता किती ताणतो ते दाखवायला काचेसमोर धरला.

"अजून दोन मिनिटं," तो म्हणाला.

तिनं तुकडा माघारी घेतला, आतल्या दिव्याकडे धरून स्वतः नीट पाहिला, आणि गोळे तोडायला घेतले.