मेंढपाळाचा दुसरा हात

मालक स्वतःच्या हातानं चहा देऊ लागले, तेव्हाच शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली.

शंकासुर म्हणजे छापखान्यात प्रूफं तपासणाऱ्या बाई. जन्मभर चुका शोधून त्यांना बिनचूक ओळीचाच जास्त संशय येई. मालकांनी आज बाइंडिंगच्या सगळ्या बायकांना हातातलं काम ठेवून हॉलमध्ये बोलावलं होतं. त्यांत बाईंची वहिनीही होती. भाऊ घरी बसून होता. वहिनी शिलाईयंत्रावर पुस्तकं शिवायची म्हणून घरातली चूल पेटत होती. बोलावणं नसताना बाईही मागे येऊन उभ्या राहिल्या.

मालकांच्या मागे भिंतीवर नवी तसबीर लागली होती. प्राचीन इजिप्तचा राजा, डोक्यावर मुकुट, हातात वाकड्या टोकाची काठी. छपाईला आलेल्या एका पुस्तकाचं हे मुखपृष्ठ. मालकांना आवडलं म्हणून त्यांनी मोठं करून घेतलं. पुस्तक मेंढपाळांवर होतं. हिब्रू लोकांच्या जुन्या भक्तिगीतांत देव मेंढपाळ, आणि इजिप्तमध्ये राजा.

"बघा, एवढा राजा, पण हातात मेंढपाळाची काठी!" मालक म्हणाले. "का? तर राजानं कळपासारखं प्रजेला सांभाळायचं. मीसुद्धा तुम्हाला कधी नोकर मानलं नाही."

वहिनीनं लगेच मान डोलावली. कोणी दोन शब्द गोड बोललं की ही विरघळलीच. बाईंचा जीव होता तिच्या या भाबडेपणावर, आणि त्याचीच धास्तीही होती.

"तर पुढच्या महिन्यापासून तुमचं खातं शहराबाहेर, नव्या जागेत. समोर हिरवळ, शेजारी शांत तळं. कशाला म्हणून कमी पडणार नाही."

बाई चमकल्या. हिरवळ काय, पाणी काय, हे सगळं त्यांनी कालच तपासलं होतं, भक्तिगीतांच्या प्रकरणात. बिलाखेरीज काही न वाचणारे मालक प्रूफं वाचू लागले होते! पण त्या गीतात हे मेंढी म्हणते. मेंढपाळच म्हणू लागला तर काय समजायचं?

"मालक, एक विचारू?"

"आला शंकासुर!" मालक म्हणाले आणि बायका खळखळून हसल्या.

"या राजाचा दुसरा हात कुठं गेला?"

"चौकटीत मावला नाही."

"मुखपृष्ठावर आहे तो. त्या हातात आसूड आहे."

"बाई, तुम्ही आपले स्वल्पविराम बघा." मालक अजून हसतच होते, पण आवाज जरा कोरडा झाला होता.

"वन्सं, गप्प बसा ना," वहिनी कुजबुजली. "चांगलं चाललंय आमचं, कशाला त्यात मोडता घालता?"

बाई गप्प बसल्या. आणखी तोंड उघडलं तर स्वतःचंही टेबल जाईल, हे त्यांना कळत होतं.

"ज्यांना नवी जागा कबूल आहे, त्यांनी हात वर करा," मालक म्हणाले. "त्यांची नावं इथून कमी करून तिकडं घालतो."

भराभर हात वर गेले. वहिनीचा तर सगळ्यांच्या आधी.

"मालक," तिनं हात तसाच ठेवून विचारलं, "शिलाईयंत्रं कधी हलवायची? आम्ही आधी पुसूनबिसून ठेवतो."

"यंत्रं इथंच राहतील. त्यांची वेगळी सोय केली आहे."

"मग आम्ही तिथं करायचं काय?"

मालक चष्मा काढून पुसू लागले.

"चरायचं," बाई म्हणाल्या.