डबीतली दहीसाखर

मशीनवर शून्य यायला हवं होतं. आकडा आला.

डॉक्टर क्षिप्राने आकडा पाहिला, मग कॅप्टन शौनक गुप्तेकडे पाहिलं आणि नळी हातात धरून तशीच उभी राहिली. उड्डाणाआधी प्रत्येक वैमानिकाने या मशीनमध्ये फुंकर मारायची असते. दारूचा थेंब जरी घेतला असला तरी मशीन चुगली करतं. शौनकने तर आयुष्यात एक बिअरसुद्धा धड संपवली नव्हती.

"सर, नियमाप्रमाणे वीस मिनिटांनी पुन्हा," ती कशीबशी म्हणाली. "तेव्हाही आकडा आला तर मला वर कळवावं लागेल."

वर कळवणं म्हणजे तीन महिने लायसन्स बंद. मोठ्या कंपनीत अठरा वर्षं विमानं उडवताना ही भीती त्याला कधी शिवली नव्हती. तिथे एक कॅप्टन बसला तर दुसरा उठायचा. इथे कंपनी त्याची स्वतःची होती. विमान एकच, नऊ सीटचं, आणि कॅप्टनही एकच. कल्याणपलीकडच्या धावपट्टीवरून जळगावला जाणारं त्यांचं पहिलं विमान आज साडेनऊला सुटायचं होतं. नऊ प्रवासी बाहेर येऊन बसले होते. पहिल्याच दिवशी मालकच पिऊन आला, ही बातमी कल्याण-डोंबिवलीभर व्हायला दहा मिनिटं पुरली असती. मग या विमानात पुन्हा कोण बसणार होतं?

शाळेपासूनचा मित्र आणि आता कंपनीचा मॅनेजर असलेला आनंद दार लोटून आत आला. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला.

"अरे, मशीन बोगस आहे हे! मॅडम, शून्य लिहून टाका ना. आपलीच कंपनी आहे, कोण बघतंय?"

क्षिप्राने शौनककडे पाहिलं. नोकरीचा तिचा दुसराच आठवडा होता.

"आनंद, तू बाहेर जा," शौनक म्हणाला. "डॉक्टर, आलाय तोच आकडा लिहा. मी थांबतो."

असं बोलल्यावर माणसाला शूर वगैरे वाटत असेल. त्याला मात्र बाहेर बसलेले नऊ प्रवासी दिसत होते.

तो आठवू लागला. रात्री पिठलं-भात. सकाळी चहा. खोकल्याचं औषध नाही, माउथवॉश नाही. मग राहिली फक्त आईची दहीसाखर. दरवेळी ती ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरातून निघताना त्याच्या हातावर ठेवायची. आज पहिल्यांदाच तिने ती छोट्या डबीत भरून दिली होती. "तिथे पोचलास की खा आणि मगच कामाला लाग. पहिलं विमान आहे तुझं," म्हणाली. त्याने ती या खोलीच्या दाराशी उभ्यानेच चाटूनपुसून खाल्ली होती.

त्याने बॅगेतली डबी काढून हुंगली. होमिओपॅथीचे थेंब. आईचं गुडघ्यांचं औषध, निव्वळ स्पिरिट.

ड्यूटीच्या दिवशी या औषधाचा थेंबही मला देऊ नकोस, मशीनवर आकडा येतो, असं त्यानेच तिला अठरा वर्षांपूर्वी बजावलं होतं. तेव्हापासून बाटली वेगळ्या फळीवर गेली होती. शेजारणींनासुद्धा आई हे ऐकवायची. आणि आज? थेंब टाकलेली साखर चुकून दह्यात घातली असणार. आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. ती विसरायला लागली होती.

तिची थोरली बहीण शेवटी पोटच्या मुलांना ओळखत नव्हती. शौनकला ते आठवलं आणि मशीनची भीती बाजूलाच राहिली. आईचंही तसंच झालं तर? त्याने चांगली नोकरी सोडली तेव्हा बायकोपासून मामापर्यंत सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. एकटी आई चकार शब्द बोलली नव्हती, उलट तिने कॉलनीत पेढे वाटले होते. त्याला रडू यायला लागलं.

वीस मिनिटं झाली. त्याने चूळ भरली, पुन्हा फुंकर मारली. क्षिप्राने डोळे मिटून घेतले होते.

शून्य.

तिने डोळे उघडले आणि ती ओरडलीच. बाहेर आनंदने कुणाला तरी मिठी मारली. शौनकने लगेच घरी फोन लावला. रागवायचं नाही, हळूच विचारायचं आणि उद्याच तिला डॉक्टरकडे न्यायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आई..."

"आकडा आला ना रे?" आईचा आवाज कापत होता. "मग ये आता घरी. त्या एवढ्याशा विमानात नको बसूस. पोहे टाकते."