कोपऱ्यातल्या सहा फळ्या

जमीन घासायचं मशीन कोपऱ्यातल्या फळीला टेकलं आणि वास उसळून वर आला. फळीमास्तरांनी घाईने बटण बंद केलं, नाकावरचा मास्क आणखी घट्ट दाबला, तरी ओकारी घशाशी आलीच. लघवीचा वास होता. लाकडात वर्षानुवर्षं मुरलेला. घासताना लाकूड तापलं की मुरलेला वास पुन्हा जागा होतो, हे त्यांना माहीत होतं. पण इतका? त्यांना शिसारी आली.

"म्हणून म्हणत होते, त्या सहा फळ्या काढून टाका," घरमालकीण दारातून म्हणाली. काम सुरू झाल्यापासून ती या खोलीत आत म्हणून आली नव्हती. "माझी मुलगी झोपणार आहे इथे. पुढच्या आठवड्यात आम्ही राहायला येतोय."

"असं लाकूड आता मिळत नाही, ताई. डाग फिका करून देतो. फळी काढणार नाही."

तीस वर्षांत त्यांनी जुन्या घरातली एकही धड फळी उपटली नव्हती. लोक त्यांना फळीमास्तर म्हणत ते कामापेक्षा भाषणांमुळे. गिऱ्हाईक समोर आलं की हे सुरू. जुनी जमीन म्हणजे घराचं चरित्र, डाग पुसायचे नसतात, वाचायचे असतात वगैरे. आणि वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बाकीचं घर त्यांचं वाचून झालं होतं आणि ते बाईच्या वडिलांवर बेहद्द खूश होते. चार महिन्यांपूर्वी वारलेले ते गृहस्थ दिवाणखान्यातल्या फोटोत कडक इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. शेवटपर्यंत इथेच राहिले. जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर कुठे ओरखडा नाही, की खुर्ची ओढल्याची खूण नाही. दर दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने पॉलिश करायचे म्हणे. माणूस असावा तर असा, असं मास्तर दोनदा मोठ्याने म्हणाले होते. दोन्ही वेळा बाई तिथून निघून गेली होती. तेव्हाच ती त्यांच्या मनातून उतरली.

आणि अशा माणसाच्या घरात ही घाण. मास्तर गुडघे टेकून दारापाशी बसले. चौकटीला बाहेरच्या अंगाने कडीची भोकं होती, लांबी म्हणजे लाकडाची पुट्टी भरून बुजवलेली. दारावर आतून, खालच्या बाजूला, कुठे कुठे लांबीचेच पट्टे दिसत होते. त्यांनी पटाशीने एक पट्टा खरवडला. चार ओरखडे निघाले, शेजारी शेजारी. दुसरा खरवडला, तिथेही चारच. कुत्र्याची नखं मास्तर डोळे मिटून ओळखत. ही माणसाची होती.

बाहेरून कडी, कोपऱ्यात लघवी, दाराला नखं. मास्तरांना सगळं लख्ख कळलं. अंथरुणाला खिळलेला म्हातारा सरपटत दारापर्यंत येतोय आणि बाहेर ही उभी आहे. वासापेक्षा त्यांना तिची जास्त किळस आली. तिच्याकडे न बघता ते मशीनची वायर गुंडाळू लागले.

"मी हे काम करत नाही," ते म्हणाले. "फळ्या काढून पुरावा घालवायचाय ना? जन्मदात्या बापाला कोंडून ठेवलंत, ताई. तेही म्हातारपणी."

बाई चिडली नाही. तिने दारातच क्षणभर विचार केला. मग उंबरा ओलांडून आत आली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली.

"मास्तर, त्या ओरखड्यांवर तुमचा हात ठेवून बघा."

मास्तरांनी हात ठेवला. चारही ओरखडे त्यांच्या दोन बोटांखाली झाकले गेले.

"कडी बाबा लावायचे," ती म्हणाली. "खुर्ची ओढली की. पाणी सांडलं की. मी चप्पल घालून आत आले की. जमीन खराब झालेली त्यांना चालायची नाही. मी सात वर्षांची होते. नंतर लांबी भरून पॉलिश करायचे. हात चांगला होता त्यांचा."

मास्तरांनी कोपऱ्याकडे मान वळवली. मशीन टेकलं होतं तिथे कडेला पॉलिशचे थर सुटून वर आले होते, एकावर एक, निदान दहा. काळा डाग त्या सगळ्यांच्या खाली होता. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांतला असता तर वर असता. काल धंद्यात आलेल्यालाही हे कळलं असतं. मास्तरांनी तर ते मघाशीच पाहिलं होतं.

दारातून दिवाणखान्याची जमीन दिसत होती, एकही ओरखडा नसलेली. माणूस असावा तर असा. आपलेच शब्द आठवून मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली, आणि या वेळी वासाचा काही संबंध नव्हता.

ते उठले. हत्यारांच्या पेटीतून तीस वर्षांत जवळपास न वापरलेली छोटी पहार काढली. तिचं टोक पहिल्या फळीच्या सांध्यात रोवलं आणि दांडा बाईच्या हातात दिला. तिने जपून, अगदी हलकेच दाब दिला. शेजारच्या फळीला धक्का लागू नये म्हणून पहार ती तिरकी धरत होती.

"सांभाळून नका काढू, ताई," मास्तर म्हणाले. "उठू देत ओरखडे."